कपाटामागची जागा

४ जानेवारी

आज वाचनालयाचे अध्यक्ष घरी आले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, घाईत आहे. वाचनालयाला यंदा शंभर वर्षं होताहेत. पुस्तिका काढतोय. इमारतीचा इतिहास तुम्ही लिहायचा."

मला वाटलं चेष्टा करताहेत. म्हटलं, "माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हणूनच तर. शिकलेल्यांनी लिहिलं की कोणी वाचत नाही." आणि गेले.

हे असते तर ह्यांनीच लिहिला असता. अख्खं आयुष्य ह्यांनी त्या इमारतीत काढलं, ग्रंथपाल म्हणून. दोन वर्षं झाली जाऊन. अजून दुपारी फाटक वाजलं की मी चहाचं पाणी वाढवते, मग कमी करते.

इतिहास लिहायचा तर आधी हात वळायला हवा, म्हणून ही वही काढली. इथे कोणी चुका काढणार नाही. इथे खरं लिहायचं. पहिलं खरं हे की मला भीती वाटते.

९ जानेवारी

पहिलं वाक्य काही केल्या जमत नाही. 'ही इमारत फार जुनी आहे' असं लिहिलं. वाचून मलाच हसू आलं. ते तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं.

जमवलेली माहिती अशी. आधी इथे कापसाचे लिलाव व्हायचे. मग साथीच्या वर्षी दवाखाना झाला. दवाखाना नव्या जागेत गेला आणि वाचनालय आलं. खाली वाचनाची मोठी खोली, वर माळा. माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे, छतापर्यंत. ते कोणी मागत नाही आणि टाकायचा धीर कोणाला नाही.

खोलीच्या मध्यावर ते कपाट. दवाखान्याचं औषधांचं कपाट आहे ते, सागवानी, थेट तुळईला टेकलेलं. दमट हवेत अजून औषधाचा वास येतो. ह्यांनी नोकरीला लागल्यावर ते कोपऱ्यातून काढून मध्ये आणवलं. तेव्हा आमचं नुकतंच लग्न झालं होतं. ह्यांनी सगळ्यांना सांगितलं, "बायकांना आडोसा हवा. पुरुषांच्या समोर त्या वाचत नाहीत." खरं तर तेव्हा वाचायला येणारी बाई मी एकटीच, आणि मलाही अक्षर लावून लावून वाचता यायचं. कपाटामागे एक बाक आणि एक खिडकी. तिथे मी वाचायला शिकले. ओठ हलवत, बोट फिरवत. कोणी पाहत नव्हतं. पलीकडे, कपाटाला पाठ लावून, ह्यांचं टेबल. मी अडले की कपाटावर टिचकी मारायची, हे पलीकडून हळूच विचारायचे, "कुठला शब्द?"

कोणी मला दागिने दिले असते तरी एवढं वाटलं नसतं.

तेव्हापासून त्या कपाटाची दारं अडतात. हे वर्षातून एकदा सुताराकडून रंधा मागून आणायचे आणि दारांची वरची कड तासायचे. म्हणायचे, "माणूस म्हातारपणी आखडतो, हे कपाट मेलं वाढतंय." आता तासणारं कोणी नाही. डावं दार उघडतच नाही.

११ जानेवारी

मी रोज सकाळी जाते. पुस्तकांना कव्हरं घालते, झाडते. पगारी नाही, आपली सवय. ह्यांच्याकडची किल्ली कोणी परत मागितली नाही, मीही दिली नाही. आताची ग्रंथपाल मुलगी गुणी आहे. काकू काकू करते. संध्याकाळी बंद करताना अजून ह्यांचीच घंटा वाजवते.

हल्ली बाकावर रोज पांढरी भुकटी पडलेली असते, पिठासारखी. मी म्हटलं कबुतरं. मुलगी म्हणाली, "काकू, कबुतरं पीठ दळत नाहीत." दोघी हसलो. झाडून टाकली.

१५ जानेवारी

आज मोठ्यांदा आजोबांना इतिहास विचारला. हे आजोबा रोज येतात आणि वर्तमानपत्र मोठ्यांदा वाचतात. सगळे शुक् शुक् करतात, ते म्हणतात, "मी मनातच वाचतोय, तुमचेच कान तिखट आहेत."

म्हणाले, "लिही, सूनबाई. आम्ही पोरं या खोलीत खांबखांबोळी खेळायचो. चार खांबांना चौघं, पाचव्यावर राज्य. ह्या अध्यक्षाचा बाप काठी घेऊन मागे लागायचा."

"आता खांब किती आहेत, आजोबा?"

"तू मोज की. मला चष्मा पुसायचाय."

मी मोजले. तीन.

"मी काय खोटं सांगतोय? तीन खांबांत कसली खांबखांबोळी! चौथा त्याच्या बापाने काढला. मोठं व्याख्यान होतं, मागच्या रांगेला वक्ता दिसेना. म्हणे, खांब काय बघायचाय, माणूस बघायचाय. आठ दिवसांत उडवला. टाळ्या वाजवल्या आम्ही."

"मग छत?"

"छत कुठे जातंय? आहे की वर."

मी हे लिहून घेतलं. व्याख्यानाची गोष्ट पुस्तिकेत छान दिसेल.

१९ जानेवारी

आज दुपारी कपाटामागे एकटीच होते. कपाटावर टक् असं वाजलं. टिचकी मारावी तसं.

मी जागची हलले नाही. मग, काय सांगू, मी उलट टिचकी मारली. थोड्या वेळाने पुन्हा टक्. ह्यांच्या खुर्चीत कोणी नव्हतं, मी जाऊन पाहिलं.

संध्याकाळी लेकीचा फोन होता, तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, लाकूड वाजतं. ऊन-थंडीने. तू एकटी फार बसू नकोस तिथे. इकडे ये माझ्याकडे."

"बघते."

"तुझं बघते म्हणजे नाही."

खरंच नाही. मला बरं वाटलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. भीतीही वाटली होती आणि बरंही.

२३ जानेवारी

आज समितीची बैठक झाली. मला इतिहास कुठवर आला हे सांगायला बोलावलं होतं. तिथे निघालं की कपाट काढायचं. समारंभाला पाहुणे येणार, खोली मोकळीढाकळी हवी. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सुतार येणार.

मी म्हटलं, "कपाट राहू द्या."

अध्यक्ष म्हणाले, "का बरं?"

म्हटलं, "पूर्वीपासून आहे."

"वहिनी, पूर्वीपासून ढेकूणही होते. काढलेच ना?" सगळे हसले. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं, हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या भावना कळतात मला. त्यांची आठवण आहे. आपण कपाटावर त्यांच्या नावाची पाटी लावू, पण बाहेर, व्हरांड्यात."

वरून भिंतीवरच्या तसबिरीतून त्यांचे वडील बघत होते. मी मान डोलवली. घरी येईपर्यंत कानशिलं तापली होती. बाई विधवा असली की तिचं प्रत्येक म्हणणं आठवणीतच जमा होतं.

पण खरंच, आठवणीशिवाय दुसरं काय होतं माझ्याकडे सांगायला?

२६ जानेवारी

कपाट जाणारच आहे तर स्वच्छ होऊन जावं म्हणून झाडायला घेतलं. खालून झाडू फिरवताना फरशीत गोल कड लागली. वाकून पाहिलं. एवढाच तुकडा वेगळ्या दगडाचा, गोल, मोठी परात ठेवावी तसा. उरलेल्या तीन खांबांचं बूड तेवढंच आहे.

मग शिडी लावून वर चढले. कपाटाचा माथा आणि तुळई यांच्यामध्ये फळी घातली आहे आणि फळीवर पाचरी ठोकल्या आहेत. पुष्कळ. काही काळ्या पडलेल्या, काही पांढुरक्या. शेवटच्या काही निळ्या.

तो निळा रंग मी ओळखला. आमच्या स्वयंपाकघरात निळं स्टूल होतं, वरचे डबे काढायला. हे जायच्या आधीच्या वर्षी दिसेनासं झालं. विचारलं तर म्हणाले, "मोडलं होतं, चुलीत घातलं." मी चिडले होते. चांगलं होतं स्टूल. अजून डबे काढताना मला त्याची आठवण येते.

फोनवर लेक म्हणाली, "कपाट हलू नये म्हणून मारल्या असतील बाबांनी पाचरी. तू शिडीवर चढलीस? आई!"

असेल. हलू नये म्हणूनच असेल.

२८ जानेवारी

दोन दिवस गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं.

शिडीवरून उतरताना तोल सावरायला मी तुळईला हात लावला होता. बाहेरून मालाची गाडी गेली आणि तुळई हाताखाली थरथरली. कपाटही थरथरलं. मी हात काढून घेतला, तापल्या तव्यावरून काढावा तसा.

मला जे वाटतंय ते मी इथेही लिहिणार नाही. लिहिलं की ते खरं होईल.

२९ जानेवारी

लिहिते.

कपाट वाढत नव्हतं. छत खाली येत होतं. हे दारं तासत होते आणि वर पाचरी ठोकत होते. हे सगळं जाणून होते.

मग आडोसा? बायकांना आडोसा हवा, असं म्हणाले होते ना? तो बाक, ती खिडकी, 'कुठला शब्द?' ते सगळं खांबाच्या जागी काहीतरी उभं करायला हवं होतं म्हणून? आणि बायको नवी, अडाणी, ती कारणाला चालून गेली?

आज जेवले नाही. स्टूल गेलं तेव्हा भांडले होते, तशी आज भांडायला माणूस नाही.

३० जानेवारी

सांगितलं तर काय होईल? इमारत बंद होईल. एकदा बंद झालेली सरकारी जागा उघडलेली कोणी पाहिली आहे? पाडतील. पुस्तकं कुठल्या तरी गोदामात कुजतील. मोठ्यांदा आजोबा कुठे जातील, त्यांच्या घरी त्यांना कोणी खोकूही देत नाही. मी कुठे जाईन?

आणि ह्यांचं नाव. लोक म्हणतील, माहीत होतं आणि पोराबाळांना खाली बसवलं.

नाही सांगितलं तर? इतकी वर्षं नाही पडलं. सुतार कपाट काढेल, एखादा तडा जाईल, लिंपून घेतील. कदाचित मीच वेडी आहे. दोन पुस्तकं वाचली म्हणून छतातलं कळायला लागलं का मला? मी हे वाक्य तीनदा वाचलं. मला ते फार आवडलं. तेवढ्यानेच मला भीती वाटली. ह्यांनीही दरवर्षी रंधा मागायला जाताना असंच एखादं वाक्य स्वतःला ऐकवलं असेल.

१ फेब्रुवारी

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी गेले ती अध्यक्षांना सांगायचं ठरवून. अध्यक्ष बाहेरगावी. ग्रंथपाल मुलीला म्हटलं, "आज नको काढायला." ती म्हणाली, "काकू, समितीचा ठराव आहे, मी कशी थांबवू?" बिचारी रडवेली झाली. कारण सांगायला तोंड उघडलं, तर त्यात ह्यांचं नाव घ्यावं लागणार होतं. मी गप्प बसले. हे मी लिहून ठेवते आहे. मी गप्प बसले आणि कपाटातली पुस्तकं काढू लागले, इतरांसारखी.

खोली भरलेली होती. परीक्षेची मुलं, पेन्शनर, खिडकीशी दोन आया. मोठ्यांदा आजोबा कपाटाला लागूनच, बाजारभाव वाचत.

सुतार आला. ह्यांचा दोस्त. "काय ताई, शेवटी कपाटाला सोडचिठ्ठी? दादा असते तर मला पायरी चढू दिली नसती."

खालच्या पुस्तकांवर तोललेली मधली फळी पुस्तकं निघाली तशी वाकली. वर टक्. मग पुन्हा. आता ते टिचकीसारखं नव्हतं, बोट मोडावं तसं होतं. आजोबांच्या पेपरावर पांढरी भुकटी पडली. त्यांनी ती फुंकली आणि पुढचा भाव वाचला.

सुताराने पहार उचलली आणि कपाटाच्या बुडाशी लावली.

मला ओरडायचं होतं. पण ओरडून काय झालं असतं? छत पडतंय म्हटलं की माणसं आधी वर बघतात, मग एकमेकांकडे, मग विचारतात कोण म्हणालं. दाराजवळ वाचनालय बंद करायच्या वेळेची ह्यांची पितळी घंटा टांगलेली असते. मी गेले आणि ती वाजवली.

ह्यांनी या गावाला एकच शिस्त लावली होती. घंटेनंतर प्रश्न नाही. वाक्य अर्धं असलं तरी उठायचं. एकदा पाहुणे भाषण करत होते, तेसुद्धा घंटा झाली तसे शब्द अर्धा टाकून खाली उतरले. दोन पिढ्यांच्या पायांत ती सवय गेली आहे.

भर सकाळी घंटा, आणि सगळे उठले. खुर्च्या आत सरकवल्या, पेपर घडी करून ठेवले. कुरकुर भरपूर. "आज काय आहे?" "कोणी गेलं वाटतं." आजोबा म्हणाले, "सूनबाई, तुझं घड्याळ पुढे गेलंय," पण काठी घेऊन निघाले. मी वाजवतच राहिले. ग्रंथपाल मुलगीही पर्स घेऊन बाहेर पडली, तिला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं.

सुतार मात्र वाचक नव्हे. तो तसाच पहार धरून उभा. "ताई, झालं काय?"

मी बोट वर केलं. त्याने पाहिलं. तुळईच्या पोटातून भुकटीची बारीक धार लागली होती. लाकडातला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. पहार, निजलेलं मूल ठेवावं तशी खाली ठेवली आणि चवड्यांवर बाहेर आला.

मी कुलूप लावलं. किल्ली कमरेला.

५ फेब्रुवारी

नगरपालिकेचे इंजिनियर आले. तरुण आहेत, कमी बोलणारे. आत जाऊन आले तेव्हा खांदे पांढरे झाले होते. अध्यक्षांना म्हणाले, "तुळई मधोमध चिरली आहे. वर कागदाचं ओझं. सगळा भार कपाटावर आहे. ते हलवलं असतं तर..." आणि रुमालाने खांदे झटकू लागले.

अध्यक्ष ओट्यावर बसले. माझ्या घरी खुर्ची दिली तरी न बसलेला माणूस.

इंजिनियरांनी विचारलं, "पाचरी कोणी मारल्या?"

"ह्यांनी. माझ्या नवऱ्याने."

"काम चोख आहे. थोडी थोडी, दरवर्षी."

"त्यांना कळलं असेल का हो, कशासाठी ते?"

त्यांनी रुमाल खिशात ठेवला. मग म्हणाले, "आजी, कळल्याशिवाय कोणी दरवर्षी पाचर ठोकतं का?"

लोखंडी टेकू लावायला सुरुवात झाली आहे. दाराला सील. पुढचं काही सांगता येत नाही म्हणाले.

११ फेब्रुवारी

भाजी घ्यायला गेले तर मागून ऐकू आलं, "हीच ती. हिनेच वाचनालय बंद पाडलं." वळून पाहिलं नाही.

मोठ्यांदा आजोबा आता समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसतात. दुकानदाराचा पेपर वाचतात. मनातल्या मनात. आज मी विचारलं, "आजोबा, आवाज कुठे गेला?"

"इथे कोणी शुक् शुक् करत नाही, सूनबाई. मजा नाही."

त्यांच्या शेजारी बसले. समोर कुलूप. टेकू खिडकीतून दिसतात, त्यांच्यामध्ये कपाट तसंच उभं.

तिथून बघताना एक गोष्ट सुचली आणि उठवेना. मी बाकावर बसायचे ते त्याच तुळईखाली. ह्यांना माहीत होतं आणि ह्यांनी मला तिथे बसवलं. आणि हे? ह्यांचं टेबल पलीकडे, कपाटाला पाठ लावून. खोलीत इतर जागा होत्या, खिडकीची होती, उजेडाची होती. डोळे अधू झाले तरी हे तिथून हलले नाहीत. आम्ही दोघं जन्मभर एकाच चिरलेल्या लाकडाखाली बसलो, एकजण जाणून आणि एकजण वाचत.

याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. पुस्तकांत वाचलेला कुठलाच शब्द बसत नाही. टिचकी मारून विचारावं, तर पलीकडे कोणी नाही.

१६ फेब्रुवारी

अध्यक्षांचा निरोप घेऊन ग्रंथपाल मुलगी आली. पुस्तिका निघणार, समारंभ पुढे ढकलला तरी. इतिहास चार दिवसांत हवा. मग बोटांशी खेळत म्हणाली, "काकू, ते म्हणालेत, खांबाचं नको त्यात. म्हणाले, त्यात माझे वडील आहेत तसे तुमचेही... म्हणजे काकांचंही नाव येईल. दोघांचं राहू द्यावं."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला त्या दिवसापासून झोप लागत नाही," ती म्हणाली. "ठराव आहे म्हणाले होते मी तुम्हाला."

मी तिला चहा दिला. डबा वरच्या फळीवर होता, तो तिने काढून दिला, ती उंच आहे.

लेकीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांचं नाव कशाला? ते तर गेले." मग रडली. मग म्हणाली, "लिहिणारच असशील तर नीट लिही."

१९ फेब्रुवारी

सकाळपासून बसले होते. घंटा वाजवणं सोपं होतं. घंटेने माणसं बाहेर निघतात. हे वाचल्यावर माझ्या माणसाला लोक काय म्हणतील ते मला बघत बसावं लागणार, आणि तेव्हा उठून जायला जागा नाही.

पण पहिलं वाक्य आज सापडलं. उतरवून ठेवते, उद्या धीर गेला तर इथे तरी राहील.

'या इमारतीला चार खांब होते. चौथा एका माणसाने काढला आणि आपण टाळ्या वाजवल्या. त्याच्या जागी दुसऱ्या माणसाने एक कपाट उभं केलं, छत पडू नये म्हणून जन्मभर झटला, आणि वाचनालय बंद होईल या भीतीने कोणालाही काही सांगितलं नाही. तो माझा नवरा. त्या कपाटामागे मी वाचायला शिकले.'